सासऱ्यांचे नॉर्मन पूर्वज आणि एक शिलिंग सहा पेन्स

ही केस, म्हणजे एका घराण्याची वंशावळ कागदांवरून शोधल्याची गोष्ट, माझ्या सासरची आहे. सासर म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधलं एक अगदी साधं इंग्लिश घर, त्यात कोणी लॉर्ड नाही की सर नाही. सासऱ्यांची परवानगी घेऊन लिहितेय. आडनावं तेवढी बदललीत, पण बदलताना त्याच जातकुळीची घेतलीत म्हणजे मुद्दा बिघडत नाही. सासरच्यांना मॉर्टिमर म्हणूया आणि सासूबाईंच्या माहेरच्यांना गुडविन. तिसरं एक आडनाव मधेच घुसणार आहे, ते आलं की सांगते.

सासरे पंचाहत्तरीला आलेले. इकडे सुना सासऱ्यांना सरळ नावाने हाक मारतात, मला सोळा वर्षं झाली तरी ते जमत नाही, मी डॅडच म्हणते. त्यांच्या जिन्यात एक फ्रेम आहे, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची ढाल, मधे छोटी पांढरी ढाल आणि खाली वळणदार अक्षरात आडनाव. ऐंशीच्या दशकात समुद्रकिनारी सुट्टीला गेले होते तेव्हा एका दुकानातून घेतलेली. दुकानदाराने आडनाव विचारलं, जाडजूड पुस्तक उघडलं आणि वीस मिनिटांत यांना सरदार करून टाकलं. तेव्हापासून दर ख्रिसमसला टर्की कापता कापता एक वाक्य ठरलेलं, आमचे लोक विल्यमबरोबर आले. विल्यम म्हणजे १०६६ चा, हेस्टिंग्जची लढाई मारून इंग्लंडचा राजा झालेला तो नॉर्मंडीचा ड्यूक. सासूबाई बटाटे वाढत म्हणणार, आणि माझे त्यांच्या घोड्यांची लीद काढत होते. हे ऐकलं की मला माहेरची शहाण्णव कुळीची भांडणं आठवतात, फक्त इथे चहाऐवजी शेरी असते.

पंचाहत्तरीची भेट म्हणून नवऱ्याने ठरवलं की हे एकदा कागदावर सिद्ध करून द्यायचं, आणि काम आलं माझ्या गळ्यात, कारण घरात एक्सेल मी चालवते. एवढीच माझी पात्रता, हे आधीच सांगून ठेवते. प्रश्न सोपा वाटला होता, मॉर्टिमरांची रेघ नॉर्मंडीपर्यंत जाते का, आणि गुडविन खरंच जुने सॅक्सन, म्हणजे नॉर्मन यायच्या आधीचे इंग्लिश, आहेत का.

सुरुवात फ्रेमपासून केली आणि ती पहिल्याच दिवशी बाद झाली. इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि मग त्याच्या वंशजांकडे जातं. ते बघायला कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था आहे, १४८४ पासून. म्हणजे आडनाव मॉर्टिमर आहे म्हणून ती ढाल आपली म्हणणं हे आडनाव शिंदे आहे म्हणून ग्वाल्हेरचा राजवाडा मागण्यासारखं. ढाल मात्र खरी होती, विगमोरच्या मॉर्टिमरांची. त्यामुळे पुढचे दोन आठवडे त्या घराण्याचा इतिहास वाचण्यात गेले, आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही कारण गोष्ट भन्नाट आहे.

मॉर्टिमर हे नाव नॉर्मंडीतल्या मॉर्टेमेर गावावरून आलंय. १०५४ साली तिथे फ्रेंच राजाच्या फौजेशी लढाई झाली, त्यात पकडलेल्या एका बड्या शत्रूला रॉजर द मॉर्टेमेरने सोडून दिलं, विल्यम भडकला आणि त्याने रॉजरकडून ते गावच काढून घेऊन दुसऱ्याला दिलं. म्हणजे ज्या गावावरून आडनाव लागलं ते गाव हेस्टिंग्जच्या बारा वर्षं आधीच हातचं गेलेलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. पुढे १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, वेल्सच्या सीमेवरच्या विगमोरला राल्फ द मॉर्टिमर आहे, भरपूर जमिनीसकट. त्यांच्यातल्याच एका रॉजरने राणीला हाताशी धरून एडवर्ड दुसऱ्याला गादीवरून उतरवलं आणि १३३० मध्ये टायबर्नला फासावर गेला. आणि १४२५ मध्ये मार्चचा (महिना नव्हे, वेल्सच्या सीमेचा पट्टा) पाचवा अर्ल एडमंड मॉर्टिमर मूलबाळ नसताना वारला, मुख्य घराण्याची पुरुषांकडची रेघ तिथे संपली. जमीन, हक्क, सगळं बहिणीच्या मुलाकडे गेलं.

हे सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, धाकट्या शाखा असतीलच की. असतील, बरोबर आहे. पण आडनाव मॉर्टिमर असायला त्या रक्ताचं असायची गरजच नाही. क्लीबरी मॉर्टिमर, स्ट्रॅटफील्ड मॉर्टिमर अशी गावंच्या गावं त्या नावाची आहेत, तिथून उठून दुसरीकडे गेलेल्या माणसाला लोक काय म्हणतील? आपल्याकडे निंबळकहून आलेला निंबाळकर, तसंच. सरदारांची आडनावं विजयानंतर लवकर पक्की झाली पण साध्या माणसांची आडनावं ठरायला तेरावं-चौदावं शतक उजाडलं, काही ठिकाणी त्याहून उशीर. आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड असली नावं वंशाचा पुरावा म्हणून कोणी पुढे केली तर हसून सोडून द्या, विजयानंतर शे-दीडशे वर्षांत शेतमजुरांची पोरंसुद्धा तीच नावं लावत होती, साहेबाचं नाव पोराला ठेवायची हौस सगळीकडे सारखीच.

मग आली 'बरोबर आलेल्यांची यादी'. बॅटल अ‍ॅबी रोल म्हणून एक प्रसिद्ध यादी आहे, लढाई झाली तिथे बांधलेल्या मठात ठेवलेली होती म्हणतात. मूळ यादी हरवलेली, हातात आहेत त्या नंतरच्या नकला, एकमेकींशी न जुळणाऱ्या, आणि मधल्या काळात आपलं नाव त्यात असावं असं ज्यांना वाटलं त्यांची नावं घुसलेली. फालेझला विल्यमच्या किल्ल्यात १९३१ साली बसवलेला ब्राँझचा फलक आहे, त्यावर तीनशेच्या वर नावं. पण विल्यमबरोबर हेस्टिंग्जच्या मैदानात होता असा त्या काळाच्या जवळचा भक्कम पुरावा ज्यांच्याबद्दल आहे अशी माणसं मोजली तर पंधरा-वीस भरतात, अगदी हात सैल सोडला तर तीसेक. फौज सात हजारांच्या आसपास होती असा अंदाज आहे. म्हणजे बाकीच्या जवळजवळ सगळ्यांचं नावच कोणी लिहून ठेवलेलं नाही.

इथे मला माझी पहिली चूक कळली. मी वरून खाली येत होते, १०६६ कडून आजकडे. असं केलं की माणूस आपल्याला हवा तो पूर्वज आधी निवडतो आणि मग शिडी लावत बसतो. खरी पद्धत म्हणजे आपल्यापासून मागे, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला कागद.

आजपासून मागे १८३७ पर्यंत इंग्लंडमध्ये काम सोपं आहे, त्या वर्षीच्या १ जुलैपासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं, फक्त १८४१ च्या जनगणनेत मोठ्या माणसांची वयं खालच्या पाचच्या पटीत उतरवलेली असतात, ४४ चा माणूस ४० दिसतो, हे माहीत नसलं की पाच वर्षं चुकीच्या माणसामागे पळायला होतं. (१९३१ ची जनगणना शोधू नका, १९४२ च्या आगीत जळाली.) १८८१ च्या जनगणनेत सासऱ्यांचे पणजोबा १९ वर्षांचे आणि त्यांच्या वडिलांसमोर धंदा लिहिलाय, फ्रेमवर्क निटर. म्हणजे घरात बसवलेल्या लाकडी-लोखंडी मागावर पायमोजे विणणारा. हा माग इथल्याच कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ मध्ये काढला असं सांगतात, आणि अशा विणकरांच्या घरांना लांबच लांब खिडक्या असायच्या, दिवसाचा उजेड तेवढा मागावर पडावा म्हणून. एक तसं घर अजून गावात उभं आहे. सासरे त्याच्यासमोरून पन्नास वर्षं जात-येत होते, त्या दिवशी गाडी थांबवून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, ठीक आहे, मधे गरिबी आली असेल.

१८३७ च्या मागे गेलं की चर्चची रजिस्टरं. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं, त्यामुळे साध्या माणसाचा कागद सुरू होऊ शकतो तो जास्तीत जास्त तिथून. बऱ्याच गावांचं सुरुवातीचं रजिस्टर उरलेलंच नाही, यादवी युद्धाच्या आणि क्रॉमवेलच्या (हा दुसरा, ऑलिव्हर) काळात मोठमोठी भगदाडं आहेत. शिवाय १७५२ पर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आम्हाला एका जोडप्याचं लग्न मे १७४० चं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४० चा सापडला, सासऱ्यांनी भुवया उडवल्या. पण तो फेब्रुवारी त्यांच्या हिशेबाने १७४० चा शेवट, आपल्या हिशेबाने १७४१. लग्नानंतर नऊ महिने, सगळं व्यवस्थित.

घोटाळा दुसरीकडे होता.

त्याआधी ऑनलाइन झाडाबद्दल दोन शब्द. कोणीतरी आमचं झाड आधीच करून ठेवलेलं, थेट विगमोरपर्यंत, मी आनंदाने उडाले. मग तारखा एक्सेलमध्ये टाकल्या. एक बाई ७१ व्या वर्षी बाळंत झालेली, एकजण बापाच्या आधी चार वर्षं जन्मलेला, आणि एक कुटुंब श्रॉपशायरमधून नॉटिंगहॅमशायरला आलं याचा आधार काय तर दोन्हीकडे एक जॉन होता. हे झाड पन्नास-साठ लोकांनी कॉपी केलेलं, त्यामुळे शोधलं की सगळीकडे तेच दिसतं आणि वाटतं की एवढे लोक म्हणतायत म्हणजे खरंच असणार.

याच सुमारास डीएनएचे रिपोर्ट आले. सासऱ्यांच्या दोन टेस्ट केल्या होत्या, एक सगळ्या पूर्वजांची मिळून टक्केवारी देणारी आणि एक फक्त वाय क्रोमोसोमची. टक्केवारीवाल्यात स्वीडन-डेन्मार्क १४ टक्के आलं, सासरे खूश, नॉर्मन म्हणजे मूळचे व्हायकिंगच ना! ते खरंय, ९११ च्या सुमारास फ्रेंच राजाने रोलो नावाच्या व्हायकिंग म्होरक्याला सेन नदीच्या मुखाशी जमीन दिली, त्यातून नॉर्मंडी झाली. पण आठ महिन्यांनी कंपनीने डेटा अपडेट केला आणि १४ चे ५ झाले. माणूस तोच, थुंकी तीच. कारण ही टक्केवारी तुमची तुलना आज त्या त्या देशात राहणाऱ्या लोकांशी करते, तुलनेचा गट बदलला की आकडा बदलतो.

आणि खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. पाचव्या शतकात रोमन गेल्यावर अँगल, सॅक्सन, ज्यूट आले ते आजच्या उत्तर जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून. नवव्या शतकात डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, आले ते पण तिकडूनच, आणि आमचा हा मिडलंड्सचा भाग त्यांच्याच ताब्यात होता, डर्बी, ग्रिम्सबी ही सगळी 'बी'वाली गावं त्यांची. मग नॉर्मन, ज्यांचे पणजे-खापरपणजे पुन्हा तिकडचेच, अधिक फ्रेंच बायका. एकाच विहिरीतून तीनदा पोहरा काढायचा आणि मग विचारायचं की घागरीतलं हे पाणी कितव्या पोहऱ्याचं! २०१५ चा एक मोठा अभ्यास आहे, ब्रिटनभरातून २०३९ माणसं निवडलेली, सगळी अशी की ज्यांचे चारही आजी-आजोबा ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले. त्यात मध्य आणि दक्षिण इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन वाटा १० ते ४० टक्क्यांच्या मधे कुठेतरी आला, डेन लोकांचा वेगळा ठसा काही सापडला नाही.

२०२२ मध्ये जुन्या सांगाड्यांवरचा अभ्यास आला, तो मला जास्त पटतो कारण तिथे आजच्या माणसांवरून अंदाज नाही, त्या काळचीच हाडं आहेत. ४६० माणसं, त्यातली २७८ इंग्लंडमधली. रोमन काळानंतरच्या पूर्व आणि दक्षिण इंग्लंडच्या थडग्यांत सरासरी ७६ टक्के वंश समुद्रापलीकडून, उत्तर जर्मनी-डेन्मार्क-नेदरलँड्सच्या पट्ट्यातून आलेला. आणि नुसते तलवारवाले पुरुष नाहीत, बायकासुद्धा, बिऱ्हाडासकट आलेले लोक. आजच्या इंग्लिश माणसांत तो वाटा प्रदेशाप्रमाणे २५ ते ४७ टक्के उरलाय, कारण मधल्या काळात फ्रान्सच्या बाजूचा तिसरा एक वंश मिसळला. हे ऐकून सासरे परत सरसावले, बघ, फ्रान्स! पण तो तिसरा वंश १०६६ च्या कित्येक शतकं आधीच्या थडग्यांतही दिसतो, विशेषतः दक्षिणेकडे. नॉर्मन येऊन येऊन किती आले, आठ-दहा हजार धरा, आणि इथली वस्ती तेव्हा पंधरा-वीस लाख. त्यांनी जमीन घेतली, चर्च घेतलं, भाषेत बीफ आणि पोर्क घातलं. १०८६ पर्यंत राजाकडून थेट मोठी जमीन धरणारे इंग्लिश सरदार दोनच उरले होते, वॉरिकशायरचा थर्किल आणि लिंकनचा कोल्सवेन. पण रक्तात एवढ्याशा लोकांचं प्रमाण आजच्या एका माणसाच्या थुंकीतून काढता येत नाही.

आता वाय क्रोमोसोम. तो बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा जातो, आणि आडनावही तसंच जातं, म्हणून आडनावाच्या शोधात ही टेस्ट कामाची. लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १६७८ पुरुषांवर काम केलं होतं, त्यात दुर्मिळ आडनावाच्या माणसांचे वाय बऱ्याचदा एकमेकांशी जुळतात आणि स्मिथसारख्या आडनावाचे अजिबात नाही असं दिसलं, लोहार गावोगाव होते ना. सासऱ्यांचा गट आला आर१बी-यू१०६. हा नेदरलँड्स, उत्तर जर्मनीकडे भरपूर सापडतो, म्हणून लोक लगेच सॅक्सन म्हणून शिक्का मारतात. मी मारणार नाही, कारण तोच गट घेऊन एखादा डेन किंवा नॉर्मन किंवा सोळाव्या शतकातला डच विणकरही आलेला असू शकतो. मला खटकलं ते दुसरंच. जुळणाऱ्या माणसांच्या यादीत मॉर्टिमर एकही नाही. आणि वॉकर आडनावाचे पाच.

वॉकर, हे ते तिसरं आडनाव.

पाच वॉकर आणि शून्य मॉर्टिमर म्हणजे कुठेतरी सांधा निखळलाय. पण कुठे? सासऱ्यांच्या बापाकडून बापाकडे जाणाऱ्या साखळीत सगळ्यात मागचा पुरुष होता तो १७९६ चा, खापरपणजोबांचे वडील. त्याचा बाप्तिस्मा मी फक्त ऑनलाइन इंडेक्समध्ये बघितला होता, आईचं नाव होतं, बापाचा रकाना रिकामा. मी समजले होते की टाइप करणाऱ्याने गाळला असेल. ही माझी दुसरी चूक, आणि खरं तर मोठी हीच. काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते, रजिस्टर फोमच्या उशीवर. त्या ओळीत मुलाच्या नावानंतर दोन शब्द होते, 'बेस सन', म्हणजे लग्नाबाहेरचा मुलगा. इंडेक्स करणाऱ्याने नेमके तेच दोन शब्द सोडलेले. आईचं आडनाव मॉर्टिमर, ते मुलाला लागलं.

मग तिथल्या बाईंनीच सुचवलं की पॅरिश चेस्टचे, म्हणजे चर्चच्या पेटीत ठेवलेले गावकारभाराचे, कागद बघा. त्या काळी अनाथ-गरिबांना पोसायचा खर्च पॅरिशच्या गळ्यात असायचा, त्यामुळे बिनलग्नाचं मूल झालं की गावचे कारभारी पहिल्यांदा बाप शोधायचे, नीतीसाठी नाही, पैशासाठी. मुलीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून नाव वदवायचे आणि त्या माणसाकडून बाँड लिहून घ्यायचे. आमचा बाँड निघाला. अर्धा छापील अर्धा हाताने लिहिलेला कागद, घडीवर फाटलेला. बाप म्हणून शेजारच्या गावचा एक विणकर, आडनाव वॉकर. बाळंतपणाचा खर्च एकरकमी, आणि पुढे आठवड्याला एक शिलिंग सहा पेन्स. सहीच्या जागी फुली.

सासरे त्या फुलीवर बोट न टेकवता नुसतं वरून फिरवत होते. मी काही बोलले नाही.

घरी येताना गाडीत विचारलं, वॉकर म्हणजे काय. मला तोवर माहीत झालेलं. विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून पाण्यात तुडवायचे, तुडवत चालायचं काम करणारा तो वॉकर. दक्षिण-पूर्वेला याच धंद्याला फुलर म्हणतात, नैऋत्येला टकर, आणि उत्तरेकडे वॉकर. शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, नॉर्मन यायच्या आधीचा. आणि तुडवायच्या पाण्यात शिळं मूत घालायचे, कापडाची चरबी सुटायला. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या, त्यांचं हसणं नॉटिंगहॅम येईपर्यंत थांबलं नाही.

मी सासऱ्यांना लेस्टरच्या राजाचा दाखला दिला. २०१२ मध्ये कार पार्कखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याची सख्खी आजी, बापाची आई, अ‍ॅन मॉर्टिमर, त्याच विगमोर घराण्याची. फक्त आईकडून मुलांकडे जाणारा डीएनए आजच्या नातेवाइकांशी जुळला. पण वाय क्रोमोसोम, जो कागदोपत्री त्याच पुरुषांकडच्या रेघेतल्या बोफर्टच्या ड्यूकच्या घराण्यातल्या पाच पुरुषांशी जुळायला हवा होता, तो एकाशीही जुळला नाही, आणि त्या पाचांतला एक तर बाकी चौघांशीही जुळला नाही. एवढी घराणेशाही, एवढे भाट-चोपदार, तरी साखळीत कुठेतरी कोणीतरी आडबाजूने आलंच. एका पिढीत शंभरात एक असा प्रकार धरला तरी तीस पिढ्यांत साखळी तुटलेली असायची शक्यता चारात एक होते, साधा गुणाकार आहे. सासरे म्हणाले, म्हणजे मी राजासारखा आहे. म्हटलं, या एका बाबतीत हो.

मॉर्टिमर रेघ संपली असं मात्र नाही. ती पोरगी मॉर्टिमर होतीच, तिच्यातून मागे जाता येतं. तिचा बाप, त्याचा बाप असं करत १६९४ च्या एका लग्नापर्यंत पोचलो, नवरा 'याच पॅरिशचा' एवढंच लिहिलंय, पण त्याचा बाप्तिस्मा ना त्या गावात ना आजूबाजूच्या अकरा गावांत. तिथे भिंत. १६९४ ते १०६६ म्हणजे ६२८ वर्षं, वीसेक पिढ्या, आणि कागद शून्य. याला मी 'नाही' म्हणत नाही, 'पुरावा नाही' म्हणते, केस लिहिताना हा फरक सोडू नये.

आता गंमत गुडविनांची. सासूबाईंकडचे सगळे लिंकनशायरच्या दलदलीच्या पट्ट्यातले, पिढ्यानपिढ्या त्याच दोन गावांत, चिखल उपसत. आडनाव गॉडविन या जुन्या इंग्रजी नावावरून आलेलं, हेस्टिंग्जला मेला त्या हॅरल्ड राजाच्या बापाचं नाव तेच. (त्याने सिद्ध काही होत नाही, नाव पुष्कळांचं होतं.) रजिस्टरं १५६० च्या दशकापर्यंत सलग मिळाली कारण हे लोक हललेच नाहीत. आणि त्याच्याही मागे जाता आलं, कारण त्यांच्याकडे दीड-दोन एकर कॉपीहोल्ड जमीन होती. कॉपीहोल्ड म्हणजे जमीन लॉर्डची, कसणारा वंशपरंपरा, आणि कसणारा बदलला की मॅनरच्या, म्हणजे लॉर्डच्या जहागिरीच्या, कोर्टात नोंद. बाप वारला, मुलगा हजर झाला, नजराणा भरला, नाव लागलं, नोंदीची नक्कल मुलाच्या हातात. हा सरळ सरळ आपला वारस फेरफार आहे, सांगलीच्या तलाठ्याला दाखवला तर तो फी विचारेल. ही पद्धत १९२६ पर्यंत चालू होती. आणि फेरफारात 'अमुक, तमुकचा मुलगा' असं लिहावंच लागतं, म्हणजे वंशावळीला सोन्याची खाण.

या कोर्टाचे रोल, म्हणजे नोंदींच्या गुंडाळ्या, १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये, तेही तोडलेलं लॅटिन, अक्षर असं की मोडीसुद्धा बरी. एका निवृत्त आर्काइव्हवाल्या बाईंनी वाचून दिले, केकच्या बदल्यात. सगळ्यात जुनी नोंद १४८७ ची, गोडविन नावाचा माणूस बाप वारल्यावर दीड एकर आणि एक झोपडं लावून घ्यायला उभा. ख्रिसमसला घोड्याची लीद काढणारे घराणे कागदावर सरदारांपेक्षा दोनशे वर्षं पुढे गेले. इंग्लंडमध्ये विजयाच्या आधीपासून पुरुषाकडून पुरुषाकडे अखंड रेघ दाखवणारी घराणी बोटावर मोजण्याइतकी, आर्डन, बर्कली अशी, त्यामुळे १४८७ ला शेतमजुराच्या घरात पोचणं म्हणजे माझ्या मते जॅकपॉट. सासूबाईंची प्रतिक्रिया, दीड एकर? कुठे गेला मग?

आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. आमच्याकडे मिरजेच्या बाजूला लहानपणी हेळवी यायचा, बैलावर बसून, आणि दारात उभा राहून घरातल्या सात-आठ पिढ्या म्हणून दाखवायचा, धान्य घेऊन जायचा. आई म्हणाली, तिकडे हेळवी नाहीत का? म्हटलं, होता एक, समुद्रकिनारी दुकान होतं त्याचं.

शेवटचा हिशेब सासऱ्यांना जेवणाच्या टेबलावर करून दाखवला कारण ते अजून विचारत होते की मी नक्की नॉर्मन की सॅक्सन. १०६६ पासून साधारण तीस पिढ्या. दोन पालक, चार आजी-आजोबा, दुप्पट दुप्पट करत तिसाव्या पायरीला १०७ कोटी पूर्वजांच्या जागा होतात, आणि इंग्लंडात माणसं होती वीस लाख. म्हणजे तीच तीच माणसं हजारो वाटांनी परत परत येणार. त्या काळातल्या ज्या कोणाचा वंश पुढे चालला तो जवळजवळ सगळाच सासऱ्यांचा पूर्वज, सरदार पण, त्याच्या घोड्याची लीद काढणारा पण, आणि हेच सासूबाईंचंही. त्यातल्या बहुतेकांच्या डीएनएचा एक तुकडाही आज अंगात नसणार, दहा पिढ्या मागे गेलं तरी काही पूर्वज डीएनएतून गळायला लागतात. सासऱ्यांनी कॅल्क्युलेटर मागून घेऊन स्वतः तीस वेळा गुणाकार केला. मग म्हणाले, म्हणजे विल्यमबरोबर आले हे खोटं नाही. नाही डॅड, खोटं नाही, फक्त हे वाक्य पोस्टमनपण म्हणू शकतो.

फ्रेम अजून जिन्यातच आहे. वॉकरांची रेघ सध्या १६८८ च्या एका लग्नाशी अडकलीय. त्या पॅरिशचं रजिस्टर तिथे उंदरांनी खाल्लंय, पण दरवर्षी बिशपकडे नक्कल पाठवायची पद्धत होती आणि त्या वर्षांची नक्कल शाबूत असल्याचं कॅटलॉगमध्ये दिसतंय. पुढच्या महिन्यात बघायला जायचंय, सासऱ्यांनी पेन्सिलींना टोकं करून ठेवलीत.